विश्लेषण : लोकप्रतिनिधीला वर्षभर सभागृहाबाहेर ठेवता येते का? फिलिपिन्सचे अभियंता-सिनेटर अलेहान्द्रिनो यांचे प्रकरण काय होते?

सहकाऱ्यावर हात उचलणाऱ्या सदस्याला शिक्षा व्हावी, याबाबत फारसे दुमत नसते. पण ती किती दिवसांची असावी आणि तोवर त्याच्या मतदारसंघाची बाजू कोणी मांडावी? हा प्रश्न १९२४ मध्ये फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्याच्या केंद्रस्थानी होते होसे अलेहान्द्रिनो. शिक्षणाने अभियंता, स्वातंत्र्ययुद्धातले जनरल आणि पुढे सिनेटर असा त्यांचा प्रवास होता.

रिझाल यांच्याशी संबंध कसा आला?

अलेहान्द्रिनो यांचा जन्म १८७० मध्ये मनिलातील बिनोंदोचा. फिलिपिन्स तेव्हा स्पेनची वसाहत होती. मनिलात शिकून ते युरोपात गेले आणि बेल्जियममधील घेंट विद्यापीठात रसायन अभियांत्रिकी शिकू लागले. १८९१ मध्ये राष्ट्रीय चळवळीचे अग्रणी होसे रिझाल आपली दुसरी कादंबरी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ स्वस्तात छापून घेण्यासाठी तेथे आले. दोघे एकाच खोलीत राहिले. पैशांची इतकी ओढाताण होती, की न्याहारीसाठी बिस्किटांचा डबा आणून महिन्याच्या हिशेबाने वाटणी केली गेली. रिझाल यांनी रोजचा वाटा पाळला, अलेहान्द्रिनो यांची बिस्किटे मात्र अर्ध्या महिन्यातच संपली. कादंबरीची मुद्रिते तपासण्यात त्यांनी रिझाल यांना मदत केली. सप्टेंबर १८९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

युद्धात अभियंत्याचे काम काय?

१८९६ मध्ये स्पेनविरोधात उठाव झाला. १८९८ मध्ये एमिलियो आग्विनाल्दो यांनी स्वातंत्र्य जाहीर केले. त्यानंतर भरलेल्या मालोलोस काँग्रेसमध्ये, म्हणजे नव्या प्रजासत्ताकाच्या विधिमंडळात, अलेहान्द्रिनो सदस्य होते. मात्र स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केले आणि फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकेशी युद्ध पेटले. मनिलाभोवतीचे खंदक आणि तटबंदी उभारण्याचे काम अलेहान्द्रिनो यांच्याकडे होते. त्यांचे मित्र जनरल आंतोनियो लुना यांची जून १८९९ मध्ये फिलिपिनो सैनिकांनीच हत्या केली. तरीही अलेहान्द्रिनो लढत राहिले. आग्विनाल्दो पकडले गेल्यानंतर १९०१ मध्ये त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे अमेरिकी राजवटीत त्यांनी मनिलाच्या नगर अभियंता विभागात काही काळ नोकरी केली. लवकरच ती सोडून ते शेतीकडे वळले.

सिनेटर कसे झाले?

१९१६ च्या जोन्स कायद्याने फिलिपिन्सला २४ सदस्यांची सिनेट मिळाली. त्यातील २२ निवडून येत. उरलेल्या दोघांची बाराव्या मतदारसंघासाठी अमेरिकी गव्हर्नर जनरल नेमणूक करत. मिंडानाओ आणि सुलूचा प्रामुख्याने ख्रिस्तेतर प्रदेश याच मतदारसंघात होता. तेथील लोकांना सिनेटर निवडण्याचा अधिकार नव्हता. गव्हर्नर जनरल लिओनार्ड वूड यांनी अलेहान्द्रिनो यांना या जागेवर नेमले. मान्युएल केसॉन यांच्या नेतृत्वाखालील फिलिपिनो नेते आणि वूड यांच्यात १९२३ पासून उघड संघर्ष सुरू होता. अमेरिकेशी लढलेला जनरल अशा रीतीने अमेरिकेचा नियुक्त सदस्य म्हणून सभागृहात आला.

नेमके काय घडले?

अलेहान्द्रिनो यांच्या नियुक्तिपत्रावर सभागृहात चर्चा झाली. त्या वेळी सिनेटर व्हिसेंते दे वेरा यांनी केलेल्या वक्तव्यांवरून अलेहान्द्रिनो यांनी त्यांच्यावर हल्ला केला. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सिनेटने ठराव करून त्यांचे अधिकार, विशेषाधिकार आणि मानधन वर्षभरासाठी काढून घेतले. अलेहान्द्रिनो यांनी सिनेटचे अध्यक्ष केसॉन आणि इतर सदस्यांविरोधात न्यायालयात धाव घेतली.

न्यायालयाचा निकाल काय लागला?

११ सप्टेंबर १९२४ च्या निकालात हल्ल्याचे समर्थन नव्हते. मात्र निलंबनाने सदस्याबरोबर त्याचा मतदारसंघही शिक्षा भोगतो, हे न्यायालयाने नोंदवले. हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि ती भरता येते. निलंबनात जागा रिकामी होत नाही, तरीही तेथील लोकांची बाजू मांडायला कोणी उरत नाही. नियुक्त सदस्याला असे निलंबित करण्याचा अधिकार जोन्स कायद्याने सिनेटला दिलेला नाही, असे बहुमताचे मत पडले. पण सत्ताविभाजनाच्या तत्त्वामुळे सिनेटला आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. कायद्याचा मुद्दा अलेहान्द्रिनो यांच्या बाजूने लागला, हाती मात्र काहीच आले नाही.

पुढे काय झाले?

१९३३ मध्ये त्यांच्या आठवणी ‘ला सेंदा देल साक्रिफिसियो’ या नावाने स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध झाल्या. बिस्किटांचा किस्सा त्यातलाच. १९३४ च्या घटना समितीवर ते पाम्पांगा प्रांतातून निवडून गेले. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्रश्न मात्र संपला नव्हता. १९६० मध्ये सर्जिओ ओस्मेन्या (कनिष्ठ) यांना प्रतिनिधीगृहाने १५ महिन्यांसाठी निलंबित केले. तेव्हा न्यायालयाने सभागृहाची बाजू घेतली. अलेहान्द्रिनो यांचा निकाल जोन्स कायद्याच्या चौकटीतला होता आणि स्वतंत्र देशाच्या काँग्रेसचे अधिकार त्याहून व्यापक आहेत, असे कारण दिले गेले. अखेर उत्तर राज्यघटनेतच लिहिले गेले. १९८७ च्या राज्यघटनेनुसार सदस्याच्या निलंबनासाठी दोनतृतीयांश बहुमत लागते आणि ते ६० दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. वर्षभराच्या निलंबनाला त्या देशात आज जागा उरलेली नाही.