‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द देणारे डॉक्टर: क्लेमेन्स फॉन पिर्के

रक्ताच्या अहवालात इओसिनोफिल वाढलेले दिसले की डॉक्टर तुम्हाला दोन प्रश्न विचारतात: कशाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि पोटात जंत झाले होते का? हे दोन प्रश्न एकत्र का येतात, हे समजून घ्यायचे असेल तर व्हिएन्नाच्या एका बालरोगतज्ज्ञाची ओळख करून घ्यायला हवी.

धर्मशास्त्राकडून वैद्यकाकडे

क्लेमेन्स फॉन पिर्के यांचा जन्म 1874 मध्ये व्हिएन्नाजवळ एका उमराव घराण्यात झाला. आधी त्यांनी धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकून पाहिले, मग वैद्यकाकडे वळले आणि 1900 मध्ये ग्राझ येथून पदवी घेतली. पुढे व्हिएन्नातील मुलांच्या रुग्णालयात ते काम करू लागले.

त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेले सीरम टोचत. त्याने जीव वाचत. पण काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे दुखत. तेच सीरम पुन्हा टोचले तर हा त्रास फार लवकर सुरू होई. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी 1905 मध्ये यावर पुस्तक लिहिले. त्यांचा निष्कर्ष असा होता की सीरम हे विष नाही. शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे आणि सीरम यांची गाठ पडते, तेव्हा आजार होतो.

1906 मध्ये शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला त्यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हे नाव दिले. आपण आज अ‍ॅलर्जी म्हणजे फक्त वावडे समजतो. पिर्के यांच्या मते मात्र रक्षण करणारा आणि त्रास देणारा, असे दोन्ही प्रतिसाद त्यात येत होते. 1907 मध्ये त्यांनी क्षयरोगासाठी त्वचेवरची ट्युबरक्युलिन चाचणी आणली. काही काळ अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे प्राध्यापकी करून ते परतले आणि 1911 पासून व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी मुलांच्या आहाराचे मोठे काम त्यांनी उभारले. 1929 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आपले जीवन संपवले.

चार प्रकार आणि जंत

पिर्के यांच्यानंतर, 1963 मध्ये गेल आणि कूम्ब्स यांनी अशा प्रतिसादांचे चार प्रकार मांडले. जंतांच्या आजारांत ते असे दिसतात:

- पहिला, झटपट प्रकार: यात आयजीई प्रतिपिंडे आणि हिस्टामिन काम करतात. अंगावर पित्त उठते. हायडॅटिड जंताची गाठ फुटली तर जीवघेणी अ‍ॅलर्जीही होऊ शकते.
- दुसरा: प्रतिपिंडे पेशींच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांचा नाश घडवतात. जंतांच्या आजारात हा प्रकार सहसा मुख्य नसतो.
- तिसरा: प्रतिपिंडे आणि जंतांचे घटक यांची जोडी ऊतींत साचते. शिस्टोसोमा जंताच्या सुरुवातीच्या संसर्गात येणारा ताप याचे उदाहरण आहे. पिर्के यांनी पाहिलेला सीरमचा आजारही याच गटातला.
- चौथा, उशिराचा: यात पेशी काम करतात. यकृतात अडकलेल्या शिस्टोसोमाच्या अंड्यांभोवती गाठी तयार होतात. ट्युबरक्युलिन चाचणीतली सूजही याच प्रकारची.

एकाच रुग्णात एकापेक्षा जास्त प्रकार असू शकतात. गोल जंतांच्या अळ्या फुप्फुसांतून जाताना खोकला येतो, इओसिनोफिल वाढतात आणि अनेकदा तो दमाच वाटतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ

वारंवार पित्त उठत असेल किंवा इओसिनोफिल वाढलेले असतील, तर शौचाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. अनवाणी शेतात काम करत असाल तर तेही सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत वर्षानुवर्षे शरीरात लपून राहतो आणि स्टेरॉइडमुळे तो सर्वत्र पसरून जिवावर बेतू शकते.

विदर्भासारख्या भागात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटल्या जातात. त्या घेतल्यावर काहींना ताप किंवा अंगदुखी होते. बऱ्याचदा रक्तातले सूक्ष्म जंत मरताना शरीर त्यांच्या घटकांना देत असलेला तो प्रतिसाद असतो आणि थोड्या दिवसांत ओसरतो. तेवढ्यावरून गोळ्या बाधल्या असे ठरवून पुढच्या वेळी त्या टाळू नका. मात्र धाप लागली, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर तातडीने रुग्णालयात जा.

त्रास जंत देतो आहे की शरीराचा प्रतिसाद, हा पिर्के यांचा प्रश्न आजही तुमच्या उपचाराची दिशा ठरवतो.