बालवाङ्मयातील आईचे नाव : कै. पद्मभूषण ताराबाई मोडक

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सांगणारे विद्वान बहुधा १८२८ सालापासून आरंभ करतात. त्या साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांचा ‘बाळमित्र’ प्रसिद्ध झाला. पुढे १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ हे मासिक काढले व आपल्या हयातीत ते अखंड चालविले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ सुरू केले. या थोर पुरुषांचे आपणां सर्वांवर ऋण आहे, यात संशय नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ही नामावळी सर्वस्वी पुरुषांची आहे. आणि घराघरांतून मुलांना गोष्ट सांगण्याचे काम मात्र त्याही काळी आजी, आत्या आणि थोरली बहीण याच करीत होत्या. चिमणीकावळ्याची गोष्ट प्रथम कोणी रचली, हे कोणीच सांगू शकणार नाही. ती रचणाऱ्या स्त्रीला अक्षरओळख नसेल आणि असली तरी छापखान्यापर्यंत जाण्याची वाट तिला मोकळी नव्हती. मुखपृष्ठावर नाव येण्यास प्रथम शाळा लागते, मग फावला वेळ लागतो, मग कोणी छापील म्हणावे लागते. ही तिन्ही दारे ज्या मोजक्या स्त्रियांनी उघडून घेतली, त्यांत कै. ताराबाई मोडक यांचे स्थान फार वरचे आहे.

ताराबाईंचा जन्म मुंबई येथे १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत अनुयायी होते. मातोश्री उमाबाई या विधवा असता सदाशिवरावांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला होता. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला असला, तरी अशा विवाहास धजणाऱ्या कुटुंबाला शेजारधर्मापासून जेवणाच्या पंगतीपर्यंत काय काय सोसावे लागे, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेच आहे. अशा घरात मुलीच्या शिक्षणास आडकाठी नसावी, हे ओघानेच आले. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

त्यांचा विवाह अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी झाला. हा संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ मध्ये तो कायमचा संपला. त्या खासगी दुःखाची चर्चा येथे करण्याचे प्रयोजन नाही. मात्र पदरी लहान मुलगी असता ती स्त्री माहेरच्या आश्रयास न जाता दूर काठेवाडात राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाची प्राचार्य म्हणून गेली, एवढे नमूद केले पाहिजे. मोडक हे आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेविले आणि सर्व कर्तृत्व त्याच नावाने केले.

राजकोटात मानाची, पगाराची जागा होती. ती त्यांनी सोडली, याचे कारण भावनगर. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते अडीच-तीन वर्षांच्या मुलांत रमले. १९२३ च्या सुमारास ताराबाई त्यांच्या कार्यात सामील झाल्या. गुजरातेत गिजुभाईंना मोठ्या प्रेमाने ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई म्हणत. ही पदवी सर्वथा यथार्थ होती. पण तिच्या पोटात एक गंमत दडलेली आहे, ती शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. पुरुषाने मुलांना माया लावली की त्याचे नवल होऊन त्याला पदवी मिळते. बाईने तेच केले तर ती तिची जातच तशी, असे म्हणून विषय संपतो. ताराबाईंना तर याहून अवघड काम करावयाचे होते. लहान मुलास शिकविणे हे केवळ मायेचे काम नसून ते शास्त्र आहे, त्याला अभ्यास लागतो, निरीक्षण लागते, टिपणे लागतात, असे त्यांचे म्हणणे होते. बाईच्या तोंडून हे ऐकावयास समाज फारसा उत्सुक नव्हता.

भावनगरच्या त्या वर्षांत बालवाङ्मयाचे जे काम झाले, ते आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. माँटेसोरीबाईंच्या पद्धतीत अगदी लहान वयात कल्पित कथांना फारसे स्थान नाही. राक्षस आणि पऱ्या यांपेक्षा खऱ्या वस्तू मुलाच्या हाती द्याव्या, असा त्यांचा आग्रह. गिजुभाई व ताराबाई यांनी ती पद्धत मोठ्या आदराने स्वीकारली, पण गोष्ट सोडली नाही. लोकांच्या ओठांवरच्या कहाण्या, जोडगाणी, कोडी त्यांनी गोळा केली, मुलांना सांगून पाहिली आणि मुले ज्यांत रमली ती लिहून काढली. गिजुभाईंनी तर गोष्टीच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लहान लहान गुजराती पुस्तिकांची जी माला दक्षिणामूर्तीने काढली, तिच्या संपादनात गिजुभाईंच्या जोडीला ताराबाईंचे नाव आहे. ‘शिक्षण पत्रिका’ही दोघांनी मिळून चालविली. मराठी घरातील मुलगी परभाषेत जाऊन तेथील आजीबाईंच्या गोष्टींना छापील रूप देते आणि त्यावर तिचेही नाव येते, ही गोष्ट मला तरी पदवीहून मोठी वाटते. संपादकाच्या जागी दोन नावे असली की दुसरे नाव स्त्रीचे असल्यास वाचक ते साहाय्यकाचे समजतो; हा अनुभव ताराबाईंच्याही वाट्यास पुष्कळदा आला असणार.

१९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाला. मराठी ‘शिक्षण पत्रिके’च्या द्वारे त्यांनी आईबापांशी बोलणे आरंभिले. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’ ही त्यांची पुस्तके वडील माणसांसाठी, तर ‘नदीची गोष्ट’, ‘सवाई विक्रम’ ही मुलांसाठी. हट्ट करणारे मूल वाईट नसते, त्याला काही सांगावयाचे असते, हा विचार आज सर्वमान्य झाला आहे. त्या वेळी छडी हाच घरोघरचा गुरू होता.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात मी पुष्कळ वर्षे बक्षिसांच्या टेबलामागे बसलो आहे. मुलांना शिवचरित्र, शास्त्रज्ञांची चरित्रे, साहसकथा. मुलींना रांगोळीचे, पाककृतीचे, नाहीतर पतिव्रतांच्या कथांचे पुस्तक, अशी वाटणी कोणी न सांगताच होत असे. एके वर्षी पाचवीतील एका मुलीने आपले पुस्तक भावाला देऊन त्याचे घेतले व तेथेच पायरीवर बसून वाचू लागली. तिच्या आईने तिला उठविले, पण पुस्तक परत करावयास लावले नाही.

पाठ्यपुस्तकांचीही गोष्ट निराळी नव्हती. आई स्वयंपाकघरात, बाबा वर्तमानपत्रापुढे, ही चित्रे शिकवीत माझी सारी नोकरी गेली. आपल्या पुण्यातील बालभारती १९६७ साली स्थापन झाली. तिने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात आईबाबा दोघेही बसून भाजी निवडीत आहेत, असे चित्र दिले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. एका साध्या भाजीच्या जुडीची बातमी व्हावी, यावरून आधीची पुस्तके कशी होती ते कळते.

ताराबाईंच्या आयुष्याचा उत्तरार्ध खेड्यात गेला. शहरातील सुखवस्तूंच्या मुलांसाठीच बालशिक्षण आहे काय, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करू लागला होता. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे जिद्दीने शिकून त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या होत्या. एक संसारातून बाहेर पडलेली आणि एक संसार सुरू होण्यापूर्वीच त्यातून बाहेर टाकलेली, अशा या दोन स्त्रियांनी पुढची सारी वर्षे एकत्र काम केले.

बोर्डीहून १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. सभोवार वारली वस्ती. येथे माँटेसोरीची महागडी साधने चालणार नव्हती. शिंपले, बिया, दगडगोटे, माती हीच साधने झाली. शाळा आहे पण मुली येत नाहीत, असा अनुभव आला. शोध घेता कळले की मुलगी सात-आठ वर्षांची झाली की धाकट्या भावंडाला कडेवर घेणे हे तिचे काम ठरते. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. भावंड पाळण्यात आणि ताई वर्गात. जी मुले शाळेत येत ना, त्यांच्यासाठी बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. पुस्तके कोणासाठी लिहावी, या प्रश्नाआधी ती वाचण्यास मुलीचे हात मोकळे आहेत काय, हा प्रश्न येतो, हे त्या टेकडीवर त्यांनी ओळखले. माझ्या मते त्यांच्या सर्व लेखनाहून हा शोध थोर आहे.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. अनुताईंनी ते कार्य १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या वर्षापर्यंत चालविले.

ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. लक्षावधी स्त्रिया आज त्या अंगणवाड्या चालवितात, गाणी म्हणतात, गोष्टी सांगतात, मुलांना पहिली अक्षरे गिरवावयास देतात. त्यांना सेविका म्हणतात आणि जे मिळते त्यास वेतन नव्हे, मानधन म्हणतात. आपल्या ज्ञातीतील ज्या भगिनी हे काम करतात, त्यांची नावे या स्मरणिकेत समाजसेवकांच्या सूचीत न घालता शिक्षकांच्या सूचीत घालावी, अशी विनंती मी संपादक मंडळास केली होती. मंडळाने ती मान्य केली असून ती नावे पुढे यथाक्रम दिली आहेत.