मलिक अंबर : पाण्याची चाल ओळखणारा वजीर

फुलंब्रीहून शहराकडे निघालेला प्रवासी चौका ओलांडतो, सावंगी मागे टाकतो आणि हर्सूलच्या सखल भागात उतरतो. या वाटेवरच्या डोंगरउतारावरून पावसाळ्यात पाणी कोणत्या दिशेने धावते, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो. चारशे वर्षांपूर्वी एका माणसाने हाच उतार नीट पाहिला आणि तहानलेल्या नगराला पाणी दिले. त्या माणसाचे नाव मलिक अंबर. त्यांच्या लढाया पुष्कळांना ठाऊक आहेत. त्यांच्या कार्यामागे असलेली निसर्गनियमांची जाण मात्र फारशी चर्चिली जात नाही.

त्यांचा जन्म सुमारे १५४८ साली हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. बालपणीचे नाव चापू. कोवळ्या वयातच ते गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले आणि एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकले गेले. बगदादच्या मीर कासिम यांच्याकडे आल्यावर त्यांना शिक्षण मिळाले, इस्लामची ओळख झाली आणि अंबर हे नाव लाभले. पुढे दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगेजखान स्वतःही एकेकाळी गुलामच होते. त्यांच्या निधनानंतर अंबर स्वतंत्र झाले, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिले आणि अखेर आपले घोडदळ घेऊन निजामशाहीकडे परतले.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले. अंबरांनी मात्र राजघराण्यातील दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवले आणि पुढची पाव शतके मोगलांना दख्खनेत पाय रोवू दिले नाहीत. या राजकारणात कठोरपणाही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. सत्तेच्या वाटेवर चालणारा माणूस निर्दोष राहिला असे म्हणणे ही त्याची प्रशंसा नव्हे, इतिहासाशी प्रतारणा आहे.

१६१० साली त्यांनी खडकी या गावी नवे नगर वसवण्यास प्रारंभ केला. मराठा सरदारांनी तेथे आपापले पुरे वसवले. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईनंतर मोगल सैन्याने खडकी उद्ध्वस्त केली, तरी अंबरांनी ती पुन्हा उभी केली. परंतु भिंती उभारल्याने नगर जगत नाही. सैन्य, जनावरे, कारागीर आणि बायाबापडे या सर्वांना बारमाही पाणी हवे. सतराव्या शतकाच्या त्याच दुसऱ्या दशकात नहर-ए-अंबरी आकारास आली.

या नहरीचे मर्म समजण्यास पदार्थविज्ञानातील चार साध्या गोष्टी पुरतात. पहिली ही की स्थिर वस्तू आपणहून हलत नाही. तिला गती देण्यास बल लागते. नहरीतील पाण्याला हे बल ना बैल देत होता, ना मोट. पृथ्वी प्रत्येक वस्तूला स्वतःकडे ओढते, त्या ओढीवरच सारे काम सोपवलेले होते. नगराच्या उत्तरेकडील उंच भूमीत झिरपणारे पाणी जमिनीखालच्या दगडी मार्गात गोळा करायचे आणि उताराने नगरात आणायचे, एवढीच ही योजना.

दुसरी गोष्ट घर्षणाची. वाहते पाणी मार्गाच्या भिंतींना घासते आणि ते घर्षण त्याचा वेग रोखते. उतार फार कमी ठेवला तर पाणी रेंगाळते आणि गाळ साचतो. फार जास्त ठेवला तर वेगवान पाणी बांधकामच पोखरते. म्हणून उतार मंद आणि सलग राखावा लागतो. डोळ्यांना सपाट भासणाऱ्या भूमीत, अंधाऱ्या मार्गाने, कोसभर अंतरावर हा तोल सांभाळणे हे मोजमापाचे अवघड काम आहे.

तिसरी गोष्ट दाबाची. पाण्याची उंची १० मीटर असेल तर तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो वजनाचा भार पडतो. मातीचे खापरी नळ असा दाब सोसत नाहीत. यासाठी ठिकठिकाणी चुनेगच्ची मनोरे उभारत. लोक त्यांना बंब म्हणतात. बंबात पाणी वर चढते, कोंडलेली हवा निघून जाते, दाब उतरतो आणि पाणी पुढच्या नळात शांतपणे जाते.

चौथी गोष्ट जडत्वाची. चालू लागलेली वस्तू सहजी थांबत नाही. घरातील नळ एकदम बंद केला की पाइपात धडका बसल्याचा आवाज येतो, तो याच जडत्वाचा. मोठ्या नळात हाच धक्का मार्ग फोडू शकतो. बंबातील मोकळी जागा तो धक्का पोटात घेते.

रणांगणावरही अंबरांना ही जाण उपयोगी पडली. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि विजापूरच्या संयुक्त फौजेशी त्यांची गाठ पडली. त्यांनी तेथील तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला. कोरड्या वाटेवर गडगडणाऱ्या तोफेचे सारे वजन चाकाच्या अरुंद धावेवर येते. मऊ चिखल ते पेलत नाही, चाक रुतते आणि ओढण्यास लागणारे बल कित्येक पटींनी वाढते. जड सैन्याचे सामर्थ्यच त्याचे ओझे झाले. शहाजीराजे भोसले या लढाईत अंबरांच्या बाजूने लढले.

आपण येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. गतीचे नियम सूत्ररूपाने मांडणारा न्यूटन अंबरांच्या मृत्यूनंतर १६ वर्षांनी, १६४२ साली जन्मला आणि त्याचा ग्रंथ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला. ती सूत्रे अंबरांना ठाऊक होती असा दावा करणे अज्ञानाचे ठरेल. जमिनीखालून पाणी आणण्याची विद्या इराणात व अरब प्रदेशांत प्राचीन होती, अहमदनगरातही ती रुजलेली होती. अंबरांचे मोठेपण ती विद्या योग्य भूमीवर, योग्य माणसांकरवी, सर्वांसाठी कामी आणण्यात आहे. पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील पाणचक्कीनेही तीच परंपरा चालवली. उंचावरून पडणारे पाणी चाकाच्या पात्यांना ढकलू लागले आणि फकीर, यात्रेकरू व विद्यार्थ्यांसाठी पीठ दळले जाऊ लागले. ६ मीटरवरून पडणारे पाणी तळाशी सेकंदाला सुमारे ११ मीटर वेग गाठते, हे ध्यानात घेतले तर दगडी जाते कसे फिरते याचे नवल उरत नाही.

१४ मे १६२६ रोजी, सुमारे ७८ वर्षांचे आयुष्य जगून, मलिक अंबर अल्लाहच्या भेटीस गेले. खुलताबाद येथे त्यांची कबर आहे. जवळच पत्नी बीबी करीमा विसावल्या आहेत. १६५३ मध्ये औरंगजेबाने खडकीचे नाव औरंगाबाद केले, तरी नहरीला अंबरांचेच नाव राहिले.

वाचकहो, तहानलेल्याला पाणी पाजणे ही मृत्यूनंतरही चालू राहणारी सदका आहे, हे आपण मुलांना शिकवतो. आज नगराला जायकवाडीचे पाणी विजेच्या पंपांनी चढ चढवून आणावे लागते आणि घरोघरी ते दिवसांच्या अंतराने पोहोचते. दुसरीकडे वीज न मागणारी नहर कुठे बांधकामाखाली दबली आहे, कुठे सांडपाण्याने नासली आहे. ज्याला बाजारात वस्तू म्हणून मोजले गेले, त्याने मागे ठेवलेला ठेवा आपण फुकट गमावत आहोत. मदरशातील मुलांना वुजूचे पाणी जपायला शिकवताना ते पाणी कोणत्या बलाने येते हेही शिकवावे, आणि आपल्या वस्तीतून नहर गेली असेल तर निदान तिच्यात कचरा पडू देऊ नये. अंबरांसाठी केलेली दुआ तेव्हाच खरी ठरेल.