बाबांची चिलीम

रामनवमीच्या आधीचे आठ दिवस सिन्नरचा रस्ता आम्हा सिन्नरकरांचा राहत नाही. मुंबईकडच्या पालख्या घोटीवरून येतात, नाशिकच्या नाशिकरोडवरून येतात, आणि गाव ओलांडून वावी-पाथऱ्याच्या वाटेने शिर्डीला जातात. पायांना फडकी गुंडाळलेली पोरे दुपारी आमच्या ओट्यावर टेकतात. गेल्या चैत्रात असाच एक तरुण आला. पाणी प्याला, काडेपेटी मागून घेतली आणि विडी पेटवायला घराच्या मागच्या बोळात गेला. परत आल्यावर मी कारण विचारले, तर पालखीत बाबांची तसबीर आहे, त्यांच्या देखत कसे ओढायचे, असे त्याचे म्हणणे पडले. मला हसू आले. ज्यांच्यापासून तो विडी लपवत होता त्या बाबांना विडी किंवा चिलीम यांवाचून चैन पडत नसे, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

त्याचा तरी काय दोष? घरोघरी लागलेल्या तसबिरीत बाबा शिळेवर पायावर पाय टाकून बसलेले असतात. हातात काही नसते. शेगावच्या गजानन महाराजांची चिलीम त्यांच्या चित्रात टिकली. साईबाबांची मात्र शिर्डीच्या संग्रहालयात काचेआड गेली.

साईबाबांचे चरित्र लिहिणे कादंबरीकाराला मोठे अवघड. नायकाला गाव नाही, आईबाप नाहीत, जन्मसाल नाही, एवढेच काय, नाव म्हणावे ते नावही दुसऱ्याने दिलेले. मी हयातीतली तीस वर्षे बँकेत काढली. खाते उघडायला आलेल्या माणसाजवळ यातले काहीच नसते, तर मी त्याला नम्रपणे परत पाठवले असते. पण मशिदीतल्या या फकिराचा जमाखर्च मात्र लिहून ठेवलेला आहे, आणि मला तो त्यांच्या चमत्कारांपेक्षा जास्त विचार करायला लावतो.

तो लिहिणारेही सरकारी नोकरीतले. गोविंद रघुनाथ दाभोलकर वांद्र्याला मॅजिस्ट्रेट होते. बाबांनी त्यांचे नाव हेमाडपंत ठेवले, म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या मंत्र्याचे. (सिन्नर ही त्याच यादवांची जुनी राजधानी. आमचे गोंदेश्वराचे देऊळ त्या मंत्र्याच्या आधीचे, तरी लोक त्याला हेमाडपंतीच म्हणतात. नावे अशीच चिकटतात.) दाभोलकरांनी श्रीसाईसच्चरित हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. भाविक तो पारायणासाठी वाचतात. मी पहिल्यांदा वाचला तो हिशेब तपासायच्या जुन्या खोडीने, आणि चिलीम मला तिथेच सापडली.

चरित्रात बाबांचे लोकांसमोर येणे हेच मुळी चिलमीने होते. सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा शिर्डीत लिंबाखाली बसलेला दिसला आणि काही काळाने नाहीसा झाला, एवढी आधीची हकीकत. पुढे निजामाच्या मुलखातल्या धूपगावचे चांद पाटील हरवलेली घोडी शोधून थकले आणि रिकामे खोगीर खांद्यावर टाकून घरी निघाले. वाटेत आंब्याच्या झाडाखाली एक फकीर चिलीम भरत बसला होता. त्याने पाटलांना हाक मारली, खोगिराची चौकशी केली, घोडी ओढ्याकाठी चरत असल्याचे सांगितले. घोडी सापडली. मग चिलमीला विस्तव हवा आणि छापी भिजवायला पाणी हवे, तर फकिराने चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला आणि सटका आपटून पाणी काढले, अशी कथा आहे. निखाऱ्याचे कुणी काय मानायचे ते मानावे. मला त्यात दिसतो तो एक प्रघात. ओळखदेख नसलेल्या, दमलेल्या माणसाला बसवून घेऊन पहिली गोष्ट पुढे केली ती चिलीम. त्याच चांद पाटलांच्या घरचे वऱ्हाड शिर्डीला आले, त्याच्याबरोबर फकीर आला, खंडोबाच्या देवळापाशी म्हाळसापती सोनारांनी त्याला साई म्हणून सामोरे घेतले, आणि पुढे १५ ऑक्टोबर १९१८ पर्यंत तो तिथेच राहिला.

आता शहरातल्या तरुण वाचकांसाठी चिलमीबद्दल दोन शब्द. चिलीम म्हणजे वीतभरही नसलेली, वरून रुंद आणि खाली निमुळती मातीची नळी. कुंभाराच्या आव्यात मडक्यांबरोबर भाजून निघते. आत तळाशी एक खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू ओढताना तोंडात येत नाही. वर तंबाखू, त्यावर निखारा. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची, ती दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायची आणि दम घ्यायचा. फुटली तर हळहळ वाटू नये इतकी ती स्वस्त. एकदा भरली की एकट्याने संपवायची रीत नाही. ती फिरवायची असते.

माझे वडील ओढत. संध्याकाळी आमच्या ओट्यावर चार-पाच जण जमत. त्यांत गावचा एक सावकार होता आणि त्याचाच एक कर्जदारही होता. चिलीम दोघांच्या हातांतून जाई. मला त्या ओट्याची लाज वाटे. मुंबईला बदली होऊन अधिकारी झाल्यावर मी एक विलायती लाकडी पाइप घेतला, तोही पगाराचा चांगला लचका तोडून. मग डब्यातली तंबाखू, साफ करायच्या तारा, चामड्याची पिशवी असा सारा संसार आला. वर्षभर मी तो रुबाबात ओढला आणि वर्षभरात तो एकदाही दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही. पाइपची तशी पद्धतच नाही. पुढे वडिलांची छाती भरली. रात्र-रात्र ते उशीला टेकून बसून राहत आणि श्वासासाठी तडफडत. त्यांना पाहून पाइप मी माळ्यावर टाकला, तो पुन्हा काढला नाही. तेव्हा मी इथे तंबाखूची भलामण करायला बसलेलो नाही. आमचे गाव विडीचे. सूप मांडीवर घेऊन टेंभुर्णीच्या पानात विड्या वळणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. त्या धुराने पोटे भरली आणि त्यानेच छात्या जाळल्या, हे दोन्ही आम्हाला माहीत आहे. फिरत्या चिलमीतून क्षयही फिरतो. वडिलांच्या काळी ओट्यावर हे कुणी सांगितले नाही.

पण त्या मशिदीत चिलमीने काय केले, ते वेगळे सांगायला हवे.

सुरुवातीच्या वर्षांत बाबा कुणाकडे काही मागत नसत. जळून विझलेल्या काड्या गोळा करून खिशात भरत. शिर्डीची मशीद पडकी होती, गावातली पोरे त्यांना वेडा फकीर समजून दगड मारीत. पाच घरची भाकरी मागून आणायची, आलेले कालवण एकाच भांड्यात ओतायचे, त्यातले कुत्र्या-मांजरांनी खाल्ले तरी हाकलायचे नाही. वामन तात्या नावाचे भक्त रोज दोन कच्ची मडकी देत. बाबा त्यांनी पाणी वाहून फुलझाडांना घालीत, आणि संध्याकाळपर्यंत ती मडकी फुटून जात. कुणी पैसा पुढे ठेवलाच तर त्याचे तेल येई किंवा तंबाखू येई. तेल दिव्यांना, तंबाखू चिलमीला.

मग माणसे येऊ लागली. कलेक्टर कचेरीतले नानासाहेब चांदोरकर आले. पोलिसातले दासगणू आले आणि पुढे कीर्तनांतून बाबांचे नाव गावोगाव नेऊ लागले. डेप्युटी कलेक्टर साठ्यांनी उतरायला वाडा बांधला. १९०९ मध्ये मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित आले आणि त्यांनीही वाडा बांधला. नागपूरचे कोट्यधीश गोपाळराव बुटी आले. कोपरगावला आगगाडीतून उतरून, गोदावरी ओलांडून टांग्याने लोक येत राहिले, आणि एकेकाळी काड्या वेचणारा हा फकीर त्यांच्याकडे दक्षिणा मागू लागला. अगदी मोकळेपणाने, रक्कम सांगून मागे. खिसा रिकामा झालेल्याला पुन्हा मागे, उसने आणून दे म्हणे.

इथे माझ्यातला बँकवाला सावध होतो. फकिराला पैसे कशाला? उत्तर जमाखर्चाच्या दुसऱ्या बाजूला आहे. दिवसभर आलेली रक्कम संध्याकाळपर्यंत वाटून टाकलेली असे. कुणाला पन्नास, कुणाला वीस, कुणाला दहा. मालेगावकडून आलेल्या बडे बाबा फकिराला, तात्या कोते पाटलांना, आल्यागेल्या गोरगरिबांना. दुसऱ्या दिवशी सकाळी हा धनी पुन्हा झोळी घेऊन पाच दारांत उभा. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली की आम्ही सुस्कारा सोडत असू. इथे रोज संध्याकाळी शिल्लक शून्य, आणि त्यातच जुळले म्हणायचे. या सगळ्या उलाढालीत दाभोलकरांनी बाबांचा स्वतःवरचा म्हणून जो खर्च नोंदला आहे, तो दोनच बाबींचा. एक चिलीम, दुसरी धुनीची लाकडे. धुनीची उदीसुद्धा लोकांना वाटण्यातच जाई.

हातात काड्या होत्या तेव्हाही चिलीम, आणि वकील-सॉलिसिटर रुपये ओतू लागले तेव्हाही तीच मातीची चिलीम. हुक्का आला नाही, चांदीची नळी आली नाही. भक्तांनी चांदीच्या वस्तू आणल्या, चावडीच्या मिरवणुकीला छत्र-चामरे आणली. बाबांनी ती त्यांच्या हौसेसाठी सोसली, क्वचित भडकलेही. पण त्या मिरवणुकीचे जे वर्णन दाभोलकरांनी केले आहे, त्यात थाटमाट उरकल्यावर खरी बैठक बसते ती चिलमीचीच. शामा म्हणजे माधवराव देशपांडे, मशिदीलगतच्या शाळेत मास्तर होते. ते चिलीम भरत आणि तात्या पाटलांकडे देत. तात्या दम मारून ती पेटवत आणि बाबांकडे देत. बाबांचा झुरका झाला की म्हाळसापतींकडे, आणि मग साऱ्या मंडळींत. मास्तर, कुणबी, फकीर, सोनार. दाभोलकरांनी तिथे त्या चिलमीचेच भाग्य गाइले आहे. कुंभाराने तुडवली, उन्हात वाळली, आव्यात भाजली, तेव्हा तिला तो हात लाभला, असा त्याचा भाव. निवृत्त मॅजिस्ट्रेटाने एका मातीच्या नळीसाठी इतक्या ओव्या खर्ची घालाव्यात, याचे मला फार कौतुक वाटते.

त्या घोळक्यात दादासाहेब खापर्डेही होते. अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे स्नेही, राहणी अशी की लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणत. टिळक मंडालेला होते. त्यांच्या अपिलासाठी विलायतेत दोन वर्षे खटपट करून, हात हलवत खापर्डे १९१० मध्ये परतले होते. त्याच डिसेंबरात ते प्रथम शिर्डीला आले, आणि पुढच्या डिसेंबरात आले ते मार्च १९१२ पर्यंत राहिले. सभा गाजवणारा हा माणूस मशिदीत तोंड उघडत नसे. तो, नूलकर आणि बुटी, हे तिघे तिथे गप्प बसत, अशी नोंद आहे. खापर्डे मात्र रोजनिशी लिहीत. एके दिवशीच्या नोंदीत ते लिहितात की बाबांनी त्यांना आपल्या चिलमीचे झुरके दिले आणि त्याने मनातल्या पुष्कळ शंका फिटल्या. कोणत्या शंका, कशा फिटल्या, हे लिहीत नाहीत. शंकानिरसनासाठी प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेला कायदेपंडित तो. मी ती नोंद वाचली आणि मला आमचा ओटा आठवला. सावकाराच्या हातून कर्जदाराकडे जाणारी चिलीम आठवली. त्या वेळी व्याजाचा दर कमी होत नसे, हे मी विसरलेलो नाही. चिलीम विझली की सावकार पुन्हा सावकार होई. पण बाबांकडे ती विझल्यावरही परत सावकारीला जायचे तर खिशात काही राहू देत नसत. हा फरक मला वडील गेल्यावर कळला.

१९१८ च्या सप्टेंबरअखेर बाबांना ताप आला. तो दोन-तीन दिवसांत उतरला, पण अन्न सुटले आणि अशक्तपणा वाढत गेला. उशाशी घ्यायची जुनी वीट झाडणाऱ्या पोराच्या हातून पडून आधीच दुभंगली होती. विजयादशमीच्या दुपारी त्यांनी मंडळींना जेवायला वाड्यात पाठवले. लक्ष्मीबाई शिंदे रोज भाकरी आणून देत. त्यांना खिशातून आधी पाच आणि मग चार, असे नऊ रुपये काढून दिले. त्यानंतर थोड्याच वेळात ते गेले. देह बुटींच्या वाड्यात ठेवला. बुटींनी तो मुरलीधराच्या देवळासाठी बांधायला काढला होता.

आज त्या जागी सोन्याचे सिंहासन आहे, आणि देणग्या मोजायला माणसे आणि यंत्रे बसवलेली आहेत. संग्रहालयात काचेआड चिलीम आहे. मी मागे गेलो तेव्हा तिच्यासमोर कुणी फार वेळ थांबत नव्हते. द्वारकामाईत मात्र धुनी जळते आहे, आणि माणसे चिमूटभर उदीसाठी रांगेत उभी असतात. जमाखर्चातली तंबाखूची बाब १९१८ च्या दसऱ्याला बंद झाली. लाकडांची अजून चालू आहे.