काशीचे नीळकंठशास्त्री : रेव्हरंड नहेम्या गोरे यांचा जीवनप्रवास



श्रावण लागला की आपल्या मंडळात स्मरणिकेची धावपळ सुरू होते. चौकातील सराफ मंडळींकडे जाहिरातींसाठी फेऱ्या, छापखान्याच्या चकरा, आणि उत्तरेत नाव कमावलेल्या एखाद्या मराठी माणसावर लेख लिहून द्या म्हणून माझ्यामागे तगादा. झाशीच्या राणीसाहेब झाल्या, बिठूरचे नानासाहेब झाले, आपल्या लखनौत संगीताचे कॉलेज उभे करणारे पं. भातखंडे झाले. यंदा मी रेव्हरंड नहेम्या नीळकंठशास्त्री गोरे यांचे नाव सुचवले आणि बैठकीत थोडी कुजबुज झाली. आमच्यातील एका ज्येष्ठ सभासदांनी सरळच विचारले की गणपतीच्या स्मरणिकेत पाद्र्याचे चरित्र कशासाठी? त्यांचा प्रश्न गैर नव्हता. आधी लेख वाचा, मग छापायचा की नाही ते ठरवा, एवढीच विनंती मी केली. लेख आपल्या हातात आहे, तेव्हा निर्णय काय झाला हे सांगायला नको.

मी काही विद्वान नाही. माझे आयुष्य गलाईच्या भट्टीपाशी गेले. पण परमुलखात येऊन स्थायिक झालेल्या माणसाला आपल्या आधी कोण कोण इकडे येऊन गेले याचे कुतूहल असतेच. आपण बहुतेक जण विटा, खानापूर, आटपाडीकडून पोटासाठी इथवर आलो. गोऱ्यांचे घराणे आपल्या कितीतरी आधीचे. ते कोकणस्थ ब्राह्मण. त्यांचे आजोबा बांद्याच्या नवाबाच्या दरबारी मोठ्या हुद्द्यावर होते. हे नवाब म्हणजे बाजीराव-मस्तानीचे वंशज, त्यामुळे तिथे मराठी माणसांचा राबता होता. झाशीजवळच्या काशीपुरा नावाच्या गावी ८ फेब्रुवारी १८२५ रोजी नीळकंठाचा जन्म झाला. पुढे घर काशीला आले. गंमत पाहा, साधारण त्याच सुमारास काशीला मोरोपंत तांब्यांच्या घरी मनकर्णिका जन्माला आली आणि झाशीला जाऊन राणी झाली. हा मुलगा झाशीकडचा, तो काशीला येऊन शास्त्री झाला.

त्या वेळची काशी म्हणजे विद्येची पेठ, आणि त्या पेठेत दक्षिणी पंडितांचा दबदबा. नीळकंठ इंग्रजी शाळेत गेलाच नाही. जुन्या पद्धतीने संस्कृत, व्याकरण, न्याय असे त्याचे शिक्षण झाले. न्यायशास्त्राचा अभ्यास म्हणजे वादविवादाची तालीम. आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याहूनही नीट मांडायचे, याला पूर्वपक्ष म्हणतात, आणि मग त्याचे खंडन करायचे. ही सवय त्याच्या अंगात अशी मुरली की ती जन्मभर सुटली नाही. घराणे शिवभक्त, पण विचार करून करून हा तरुण विष्णूच्या उपासनेकडे वळला. म्हणजे वडिलांची वाट स्वतः तपासून पाहिल्याशिवाय धरायची नाही, ही खोड पहिल्यापासून होती. घरातल्यांनी तेव्हा ती फारशी मनावर घेतली नसावी. शिव काय, विष्णू काय, घरातलेच देव.

काशीच्या बाजारात तेव्हा मिशनरी उभे राहून प्रवचने करीत. लोक ऐकत, काही टर उडवत, काही वाद घालत. एकोणीस-वीस वर्षांच्या नीळकंठाला वाटले की या लोकांचे तोंड एकदा कायमचे बंद केले पाहिजे. म्हणून तो चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे वाद घालायला गेला. हे स्मिथसाहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली. त्यात जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याचा ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ होता. म्यूर यांनी चक्क संस्कृत श्लोकांत ख्रिस्ती मताची बाजू मांडली होती. हिंदुस्थानातल्या तीन पंडितांनी त्याला संस्कृतातच उत्तरे लिहिली. त्यांतले एक सिहोरचे सुबाजी बापू, म्हणजे मराठीच, दुसरे बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन, आणि तिसरे आपले नीळकंठशास्त्री. १८४४-४५ मध्ये त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. एका जन्मातल्या चुकीसाठी कायमचा नरक हा कुठला न्याय? कोणी जन्मतःच आंधळा, कोणी राजाच्या घरी, ही विषमता पूर्वकर्माशिवाय कशी समजावणार? मुकी जनावरे कोणत्या पापाचे दुःख भोगतात? असे प्रश्न त्यात आहेत. वीस वर्षांच्या मुलाने हे लिहिले याचे आजही नवल वाटते.

आता इथे खरी मेख आहे. खंडन करायचे तर पूर्वपक्ष नीट समजून घेतला पाहिजे, म्हणून शास्त्रीबुवा बायबल वाचत राहिले, स्मिथसाहेबांकडे जात राहिले. आणि जो कस ते दुसऱ्याच्या धर्माला लावत होते तोच स्वतःच्या शास्त्रांना लावू लागले. आपण गलाईवाले जाणतो की कसोटीचा दगड माल कुणाचा हे विचारत नाही. तीन-चार वर्षे ही घालमेल चालली. ज्यांना हरवायला गेले होते त्यांचेच म्हणणे त्यांना पटू लागले. माझ्या मते, हे एका रात्रीत घडले नाही म्हणूनच ते खोटे म्हणता येत नाही. लोभाने धर्म सोडणारा माणूस आधी त्या धर्माचे मंडन करणारा संस्कृत ग्रंथ लिहीत बसत नाही. आणि लोभ कसला? घर भरलेले होते, मान होता, काशीचे पांडित्य होते. मिळवायचे काहीच नव्हते, घालवायचे मात्र सगळे होते.

काशीत बाप्तिस्मा घेतला असता तर घरच्यांनी आणि गावाने तो होऊच दिला नसता. म्हणून १४ मार्च १८४८ रोजी जौनपूरला तो विधी झाला आणि नीळकंठाला नहेम्या हे नाव मिळाले. आपण काशीला जाताना आपली गाडी जौनपूरला थांबते. पोरे इमरतीसाठी हट्ट धरतात. त्या स्टेशनावर मला हल्ली दर वेळी हे आठवते.

घरची काय स्थिती झाली असेल याची कल्पना ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांनी करावी. वडील शिवरामपंत धार्मिक वृत्तीचे. त्यांच्या दृष्टीने मुलगा जिवंत असून गेलाच. मुलाला परत आणण्यासाठी घरच्यांनी विनवण्या केल्या, समजावले. त्यातले काही उपयोगी पडले नाही. इथे मी शास्त्रीबुवांची बाजू घेत नाही, घरच्यांचीही नाही. मला दोघांचेही वाईट वाटते. काही काळाने पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, पण हा संसार फार दिवस टिकला नाही. सप्टेंबर १८५३ मध्ये काशीला मुलगी झाली आणि त्यानंतर लवकरच लक्ष्मीबाई वारल्या. मुलीचे नाव एलन लक्ष्मी ठेवले. अठ्ठावीस वर्षांचा विधुर बाप, मागे ना सासर ना माहेर, तान्ह्या मुलीला कोण सांभाळणार? एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबाने तिला वाढवायला घेतले. सत्तावन्नच्या धामधुमीत त्या कुटुंबाची धूळधाण झाली, तेव्हा ती एका मिशनरी कुटुंबाकडे गेली आणि त्यांच्याबरोबर १८६५ मध्ये विलायतेला.

दरम्यान १८५४ मध्ये शास्त्रीबुवांना एक वेगळीच संधी आली. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग आपल्याच प्रांतात फतेहगढला राहत होते. आदल्या वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांचे पालक डॉ. लॉगिन हे पूर्वी लखनौच्या रेसिडेन्सीत डॉक्टर होते. महाराज इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांचे पंडित म्हणून गोरे बरोबर गेले. आता आपल्याला वाटेल की ख्रिस्ती देश पाहून त्यांना धन्य वाटले असेल. झाले उलटे. लंडनमध्ये त्यांना ख्रिस्ताच्या शिकवणुकीसारखे फारसे कोणी वागताना दिसेना. मॅक्समुल्लर यांनी पुढे आपल्या हिंदी मित्रांविषयी लिहिताना या तरुण पंडिताची हकिगत सांगितली आहे. ऑक्सफर्डला भेटलेले गोरे अगदी निराश झालेले होते, जे पाहिले तोच ख्रिस्ती धर्म असेल तर हिंदुस्थानात परत गेलेले बरे, असे त्यांना वाटू लागले होते. पंडिताने नवा माल कसाला लावला आणि तोही पुरता उतरेना.

परत आल्यावर त्यांनी आपला सर्वांत मोठा ग्रंथ लिहिला, तो हिंदीत. ‘षड्दर्शन दर्पण’ हा १८६० मध्ये कलकत्त्याला प्रसिद्ध झाला. सांख्य, योग, न्याय, वैशेषिक, मीमांसा आणि वेदान्त या सहाही दर्शनांची त्यात चिकित्सा आहे. वेदान्ताने सांगितलेल्या पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक अशा तीन सत्तांवर त्यांनी विशेष भर दिला. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृत पंडिताने १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. आपल्या शास्त्रांवरील टीका वाचून आपल्याला राग येऊ शकतो, मलाही काही ठिकाणी पटले नाही. पण ती टीका शिवीगाळ नाही. काशीच्या पाठशाळेत जसा वाद होतो तसा तो आहे.

आणि आता या चरित्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बाप्तिस्मा १८४८ चा. इतका विद्वान, इतका निष्ठावान माणूस, त्याला लगेच धर्मोपदेशकाची दीक्षा मिळायला हवी होती. मिशनला तर असा माणूस हवाच होता. पण गोरे डीकन, म्हणजे पुरोहितपदाच्या आधीची पायरी, झाले ते १८६८ मध्ये. मधे वीस वर्षे गेली. या वीस वर्षांत त्यांना शंकांनी अनेकदा घेरले. आपला विश्वास खरोखर पक्का आहे का? जे आपल्याला स्वतःला पूर्ण उमगले नाही ते दुसऱ्याला कसे सांगायचे? चर्चमध्येही कोणता पंथ खरा, याचा शोध चालूच होता. ज्या मिशनने त्यांना धर्म दिला त्याच्या मतांपासून ते हळूहळू दूर गेले आणि चर्चच्या जुन्या परंपरेला, व्रत-उपवासांना, संस्कारांना मान देणाऱ्या पंथाकडे वळले. मला वाटते, काशीच्या ब्राह्मणाला कोरडा उपदेश पुरेना, त्याला आचार हवा होता. शेवटी कलकत्त्याचे बिशप मिलमन यांच्या हस्ते त्यांना १८६८ मध्ये डीकनची आणि १८७० मध्ये पुरोहितपदाची दीक्षा मिळाली. वय पंचेचाळीस. आपल्याकडे या वयात लोक मुलाला दुकान सोपवण्याच्या गोष्टी करतात.

पुढची पंचवीस वर्षे मी थोडक्यात सांगतो. १८७६ मध्ये ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त पाद्र्यांच्या संघात उमेदवार म्हणून राहिले. तेव्हापासून लोक त्यांना फादर गोरे म्हणू लागले. पण जन्मभराची शपथ त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही, तिथेही स्वतःची पात्रता त्यांना पुरेशी वाटली नाही. राहणी फकिरासारखी. मुंबई-पुण्याला प्रार्थना समाज आणि ब्राह्मो मंडळींसमोर त्यांनी व्याख्याने दिली. काशीत वाढलेला हा मराठी माणूस उतारवयात असा मराठी मुलखात आला. पंडिता रमाबाईंच्या मनावर त्यांच्या विवेचनाचा मोठा परिणाम झाला, आणि रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुण्यात काउली संघाचे ठाणे म्हणजे पंचहौद मिशन. होय, तेच पंचहौद, जिथल्या १८९० च्या चहापानामुळे लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावे लागले. आणि ज्या टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, ज्याच्या मांडवात आपण आज बसतो, तो उत्सव सुरू झाला तेव्हा फादर गोरे हयात होते.

मुलगी एलन लक्ष्मी १८८० मध्ये हिंदुस्थानात परत आली. ती इंग्रजीत भक्तिगीते लिही, त्यांतले एक जगभरच्या चर्चमध्ये गायले गेले. अमृतसरला आणि मग प्रयागला तिने अनाथ मुलींसाठी काम केले. ती १९३७ पर्यंत जगली.

फादर गोरे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत वारले.

लेखाचा कच्चा खर्डा त्या ज्येष्ठ सभासदांना मी आधी वाचायला दिला होता. दोन दिवसांनी ते कारखान्यात आले, चहा घेतला आणि त्यांनी एकच विचारले, की तरुणपणी आपल्या धर्माच्या बाजूने लिहिलेल्या त्या संस्कृत ग्रंथाचे पुढे काय झाले? तो हस्तलिखितातच राहिला होता. गोऱ्यांच्या मृत्यूनंतर छप्पन वर्षांनी, १९५१ मध्ये, सदाशिव कात्रे यांनी तो संपादित केला आणि उज्जैनच्या सिंदिया प्राच्य संस्थेतर्फे छापला. हे ऐकल्यावर त्यांनी खिशातून चष्मा काढला, खर्ड्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका दाखवल्या आणि लेख छापखान्यात पाठवायला सांगितले.