उल्लाळची राणी अब्बक्का

बंगळूरूहून पश्चिमेस जाऊन घाट उतरला, की कर्नाटकाचा किनारा लागतो. तेथे नेत्रावती नदीच्या मुखाशी, उत्तरेस मंगळूर आणि दक्षिणेस उल्लाळ ही बंदरे आहेत. सोळाव्या शतकात उल्लाळ येथे चौट या जैन घराण्याची सत्ता होती. या घराण्यात वारसा स्त्रीच्या वंशाने चालत असे. त्या रीतीनुसार अब्बक्का राणी झाली.

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय कोणतेही जहाज समुद्रात जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. विनापरवाना जहाजे ते पकडत. उल्लाळचे जीवन मिरी व तांदळाच्या सागरी व्यापारावर अवलंबून होते. परवाना स्वीकारला असता, तर युद्ध टळले असते. पण स्वतःच्या समुद्रावरील हक्क गेला असता. राणीने खंडणी देण्याचे नाकारले.

१५६८ मध्ये पोर्तुगिजांनी मंगळूरला किल्ला बांधला. शत्रू आता केवळ नदीपलीकडे होता. त्याच्याजवळ तोफांनी सज्ज जहाजे होती. राणीजवळ लहान होड्या आणि किनाऱ्यावरील हिंदू कोळी व मुसलमान खलाशी होते. रात्रीच्या अंधारात या होड्यांतून पेटते बाण सोडून शत्रूची जहाजे जाळल्याच्या कथा तुळुनाडूत आजही सांगितल्या जातात.

अब्बक्का हे नाव चौट घराण्यातील एकाहून अधिक राण्यांचे होते. लोकस्मृतीत त्यांचे पराक्रम एकरूप झाले आहेत. त्यांपैकी एकीचा विवाह शेजारच्या बंग राजाशी झाला होता. पुढे दोघे विभक्त झाले आणि राजाने पोर्तुगिजांचे साहाय्य घेतले. घरचा व बाहेरचा शत्रू एक झाला, तरी राणी डगमगली नाही. इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाच्या मदतीने तिने दोघांचाही पराभव केला.

१६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी तिला भेटला. राणी साध्या सुती वस्त्रात, अनवाणी, चर खणण्याचे काम पाहण्यासाठी पायी निघाली होती. वेशावरून ती राणी वाटत नव्हती. मात्र तिच्या बोलण्यातून तिचे राणीपण त्याला जाणवले.

२०१२ मध्ये भारतीय तटरक्षक दलाच्या एका गस्ती जहाजाला राणी अब्बक्काचे नाव देण्यात आले. ज्या समुद्रासाठी ती लढली, त्याच्या रक्षणाशी तिचे नाव असे जोडले गेले.