सहीपुरता साक्षर

बेसबॉलशी आपल्या मराठी माणसाचे नाते लांबचे. अमेरिकेतल्या मुलामुलींकडे जाऊन आलेली माझ्या वयाची मंडळी तिथे एखादा सामना पाहतात आणि क्रिकेटचा चुलतभाऊ, एवढे म्हणून विषय संपवतात. मी या खेळाच्या इतिहासात शिरलो तो खेळाच्या ओढीने नव्हे, एका माणसाच्या सहीमुळे. तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात गेला. सही जुळते का, ती कोणी केली, कशावर केली आणि करताना त्याला काय ठाऊक होते, हे प्रश्न निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाहीत. जो जॅक्सन या माणसाच्या आयुष्यात ते सगळेच एकदम समोर येतात, आणि तेही अमेरिकेतल्या सर्वांत गाजलेल्या क्रीडा-घोटाळ्याच्या ऐन मध्यभागी.

जॅक्सन दक्षिण कॅरोलिना राज्यातला. जन्म बहुतेक १८८७ चा. ग्रीनव्हिल गावाजवळच्या ब्रँडन कापड गिरणीच्या वस्तीत तो वाढला. सहा-सात वर्षांचा असताना गिरणीत कामाला लागला, बारा-बारा तासांची पाळी, आणि शाळा कायमची राहिली ती राहिलीच. गिरणगावाच्या चाळींत ज्यांचे बालपण गेले त्यांना कापसाची ती पिंज वेगळी समजावून सांगायला नको. गिरणीचा स्वतःचा बेसबॉल संघ असे. तेराव्या वर्षी जो त्या संघात खेळू लागला आणि शनिवारच्या सामन्याचे अडीच डॉलर घरी आणू लागला. पुढे एका सामन्यात नव्या बुटांनी पायाला फोड आले म्हणून तो नुसत्या मोज्यांवर खेळला, कोणीतरी प्रेक्षकांतून ओरडले, आणि 'शूलेस जो', म्हणजे अनवाणी जो, हे नाव जन्मभरासाठी चिकटले. त्याला ते आवडत नसे. अडाणी खेडूत असा त्याचा वास येतो, हे त्याला कळत होते.

त्याच्या बॅटचेही नाव होते, ब्लॅक बेट्सी. गावातल्याच एकाने घडवून दिलेली, तंबाखूच्या रसाने काळी केलेली. बेसबॉलमध्ये फलंदाजाने दहा संधींत तीन वेळा चेंडू फटकावून यशस्वीपणे पहिला टप्पा गाठला तर तो चांगला समजतात. १९११ साली क्लीव्हलंडकडून आपल्या पहिल्याच पूर्ण हंगामात जॅक्सनने हे प्रमाण दहांत चाराच्या वर नेले, नेमके सांगायचे तर हजारी ४०८. तरी त्या वर्षीचा पहिला क्रमांक टाय कॉबने ४२० करून पटकावला. बेब रुथने, म्हणजे त्या खेळाच्या ब्रॅडमनने, आपण फटक्याची ढब जॅक्सनवरून उचलली असे सांगून ठेवले आहे.

मैदानावर असा हा माणूस हॉटेलात बसला की खाद्यपदार्थांचे कार्ड हातात धरून थांबे, शेजारचे काय मागवतात ते ऐके आणि तेच मागवी, असे सांगतात. १९०८ साली त्याचे केटी विन या मुलीशी लग्न झाले. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तिला लिहितावाचता येत होते. पत्रे ती वाची, करार ती वाची, आणि चाहत्यांना द्यायच्या सह्यासुद्धा पुष्कळदा तीच करी. त्याला फक्त नाव काढता येई, तेही चित्र काढावे तसे, सावकाश. त्यामुळे त्याची खरी सही दुर्मिळ. १९११ च्या एका छायाचित्रावर ती सापडली आणि २०२१ साली ते छायाचित्र लिलावात सुमारे १४ लाख ७० हजार डॉलरना गेले. जॅक्सनचा १९१९ सालचा पगार ६००० डॉलर होता.

ते १९१९ सालच आपला विषय. १९१५ च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडच्या मालकाने पैशांच्या अडचणीपायी जॅक्सनला शिकागो व्हाइट सॉक्स संघाला विकले होते. विकले हा शब्द मी जाणून वापरतो. त्या काळच्या करारातल्या एका कलमाने खेळाडू संघाशी कायमचा बांधलेला असे. मालक त्याला विकू शके, काढू शके, पण खेळाडू स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नसे. हे कलम खऱ्या अर्थाने मोडले ते १९७५ साली. शिकागोचा मालक चार्ल्स कोमिस्की कवडीचुंबक होता आणि त्याच्या कंजूषपणाने खेळाडू बिघडले, ही कथा पुस्तकांनी आणि चित्रपटांनी घरोघर पोहोचवली. अलीकडे जुनी करारपत्रे तपासणाऱ्यांना मात्र असे दिसले की त्या संघाचा एकूण पगारखर्च त्या काळात वरच्या क्रमांकांत होता. खोच वाटणीत होती. एडी कॉलिन्सला १५००० डॉलर, आणि त्याच्याइतकाच मोठा फलंदाज असलेल्या जॅक्सनला ६०००. कॉलिन्स कोलंबिया विद्यापीठात शिकलेला होता, आपला करार त्याने स्वतः वाचून, घासाघीस करून केला होता. एवढा फरक पुरेसा आहे.

संघ मोठा होता. १९१७ चा विजेता. १९१९ मध्ये महायुद्धामुळे हंगाम १४० सामन्यांचा केला होता. त्यांत ८८ सामने जिंकून व्हाइट सॉक्स आपल्या लीगमध्ये पहिले आले. एडी सिकॉट या पिचरने एकट्याने २९ सामने जिंकून दिले, जॅक्सनचे प्रमाण हजारी ३५१. पण संघात दोन तट होते. एकीकडे कॉलिन्स आणि त्याच्याभोवतीचे, दुसरीकडे चिक गँडिल आणि त्याचे सोबती. एकाच मैदानावर शेजारी उभे राहणारी ही माणसे एकमेकांशी बोलत नसत. अशी खाती मी बँकेतही पाहिली आहेत. काम चालते, हिशेब लागतो, आणि मग एके दिवशी तपासणीत भगदाड निघते.

दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका म्हणजे वर्ल्ड सिरीज. त्या वर्षी ती नऊ सामन्यांची होती आणि समोर सिनसिनाटी रेड्स होते. गँडिलने सट्टेवाल्यांशी संधान बांधले. मागे न्यूयॉर्कच्या अर्नोल्ड रॉथस्टीनचा पैसा असल्याचे मानले जाते, न्यायालयात ते कधी शाबीत झाले नाही. १ ऑक्टोबरला पहिल्या सामन्यात सिकॉटने समोरच्या पहिल्याच फलंदाजाच्या अंगावर चेंडू मारला. सौदा पक्का झाल्याची ती खूण होती. त्याला १०००० डॉलर आधीच पोहोचले होते. सामना ९-१ असा गेला, आणि मालिका ५-३ अशी.

जॅक्सनला वीस हजारांचे वचन होते. चौथ्या सामन्यानंतर सहकारी लेफ्टी विल्यम्सने त्याच्या हॉटेलच्या खोलीत पाच हजारांच्या नोटा आणून टाकल्या. ही त्याने स्वतः पुढे ग्रँड ज्यूरीसमोर दिलेली कबुली. केटीला सांगितले तेव्हा तिला ते फार वाईट वाटले, हेही त्यातच आहे.

जॅक्सनचे वकील, आणि ते आजही पुष्कळ आहेत, लगेच आकडे पुढे करतात. त्या मालिकेत त्याने बारा फटके मारले, तो तोवरचा विक्रम होता. प्रमाण हजारी ३७५, संपूर्ण मालिकेतला एकमेव होम रन त्याचाच, क्षेत्ररक्षणात एकही चूक नाही. लाच खाल्लेला माणूस असा खेळतो का? प्रश्न बिनतोड वाटतो. पण एकूण बेरीज पाहून ताळेबंदावर सही करायची नसते, नोंदी उलगडायच्या असतात. संघाने हरलेल्या पाच सामन्यांत जॅक्सनच्या २१ संधींत ६ फटके आहेत, जिंकलेल्या तीन सामन्यांत ११ संधींत ६. पहिल्या पाच सामन्यांत त्याच्या फटक्यावर संघाची एकही धाव आलेली नाही. आणि तो होम रन शेवटच्या सामन्यात, सिनसिनाटी ५-० ने पुढे गेल्यानंतरचा. यावरून तो मुद्दाम हरत होता असे सिद्ध होत नाही, आठ सामन्यांच्या आकड्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. फक्त ३७५ हा आकडा दाखवून त्याला सोडवता येत नाही, एवढेच माझे म्हणणे.

आता सह्या. फेब्रुवारी १९२० मध्ये क्लबचा सचिव हॅरी ग्रॅबिनर नवा करार घेऊन जॅक्सनच्या सव्हॅनाच्या घरी गेला. तीन वर्षे, वर्षाला ८००० डॉलर. दहा दिवसांची नोटीस देऊन कधीही काढून टाकण्याचे कलम जॅक्सनला नको होते. त्याच्या म्हणण्यानुसार ग्रॅबिनरने ते काढल्याचे तोंडी सांगितले आणि केटी घरात असताना बाहेरच, गाडीपाशी, सही घेतली. कलम जिथल्या तिथे होते. दुसरी सही २८ सप्टेंबर १९२० ची. घोटाळा फुटला होता, जॅक्सन ग्रँड ज्यूरीपुढे जायला निघाला होता. त्याला सल्ला देणारा वकील आल्फ्रेड ऑस्ट्रियन हा क्लबचा, म्हणजे कोमिस्कीचा वकील होता. तुम्ही जे बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरता येईल, आपण संरक्षणाचा हक्क सोडतो आहोत, अशा अर्थाच्या कागदावर जॅक्सनने आपले नाव काढले. तो कागद त्याला वाचता येत नव्हता, आणि वाचणारी बरोबर नव्हती.

आमच्याकडे अंगठा उठवणाऱ्या खातेदाराचे कर्जपत्र करताना नियम होता. मजकूर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला, समजावून सांगितला, अशी नोंद करून खाली साक्षीदार घ्यायचे. गर्दीच्या दिवशी ही नोंद शिक्क्यासारखी उमटे आणि वाचन राहून जाई, हे सगळ्यांना माहीत होते. तालुक्याच्या एका शाखेत एक आजी विहिरीच्या कर्जासाठी येत. धाकट्या नातवाला समोर बसवून त्या प्रत्येक पान मोठ्याने वाचायला लावत, रांग खोळंबली तरी. त्यांना कोणी घाई केली की त्या डावा हात पदराखाली घेत. केटी घरात राहिली त्या दिवशी जॅक्सनचा हा पदर गेला, असे मला वाटते.

१९२१ साली शिकागोत सात खेळाडूंवर खटला चालला. ग्रँड ज्यूरीपुढच्या जबान्यांचे मूळ कागद गहाळ झाले होते. २ ऑगस्टला ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे आयुक्त, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठ खेळाडूंना तहहयात बंदी घातली. सिकॉट, विल्यम्स, गँडिल, रिसबर्ग, फेल्श, मॅकमुलिन, जॅक्सन आणि बक वीव्हर. वीव्हरने एक छदाम घेतला नव्हता, फक्त माहीत असून तो गप्प राहिला. मला सर्वांत जास्त हळहळ त्याची वाटते. आपल्याकडे एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी हॅन्सी क्रोनिएचे प्रकरण बाहेर काढले तेव्हा न्यायालयाचा न्याय आणि खेळाचा न्याय वेगळा का, यावर पुष्कळ वाद झाले. अमेरिकेने तो वाद ऐंशी वर्षे आधी मिटवून टाकला होता, लँडिसच्या एका फर्मानाने. बंदीच्या आदल्या हंगामात जॅक्सनचे प्रमाण हजारी ३८२ होते.

गोष्ट इथे संपत नाही. जॅक्सनने मिलवॉकीच्या न्यायालयात उरलेल्या दोन वर्षांच्या पगारासाठी क्लबवर लावलेला दावा १९२४ साली चालला. ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल देऊन १६,७११ डॉलर ४ सेंट मंजूर केले. त्याआधी सुनावणीतच क्लबच्या वकिलाच्या बॅगेतून १९२० च्या त्या गहाळ जबानीचे कागद निघाले! ते तिथे कसे पोहोचले याचा उलगडा झाला नाही. पण त्या जबानीत जॅक्सनने जे कबूल केले होते त्याच्या उलट तो आता शपथेवर बोलला होता. न्यायाधीशांनी खोट्या साक्षीबद्दल त्याला अटक करवली आणि ज्यूरीचा कौल रद्द केला. पुढे थोड्या रकमेवर बाहेरच तडजोड झाली.

इथे माझे मन दुभंगते. दहा दिवसांच्या कलमाबाबत मी जॅक्सनला सूट देईन, हक्क सोडल्याच्या कागदाबाबतही देईन. निरक्षर माणसाला ज्यांनी कागद समजावून सांगायचा तीच माणसे समोरच्या बाजूची होती. पण नोटा मोजायला अक्षरओळख लागत नाही. ते पाच हजार त्याने परत केले नाहीत. कोमिस्कीला सांगायला गेलो होतो, दारातूनच परतवले, असे तो म्हणे. ते खरेही असेल, क्लबला त्या वेळी काही ऐकायचे नव्हतेच. तरी पैसे त्याच्याकडे राहिले, आणि पाच वर्षांनी तो त्यांच्याबद्दल खोटे बोलला.

चित्रपटांनी त्याला संत केले. १९८९ च्या 'फील्ड ऑफ ड्रीम्स'मध्ये तो मक्याच्या शेतातून चालत येतो आणि उजव्या हाताने फलंदाजी करतो. खरा जॅक्सन डावखुरा फलंदाज होता. न्यायालयाबाहेर एका पोराने त्याला हे खोटे आहे असे सांगण्याची गळ घातली, ही जगप्रसिद्ध आख्यायिकाही जॅक्सनने स्वतः नाकारली होती. कादंबरीकार म्हणून मला ती हातची सोडवत नाही, हे खरे, पण इतिहास म्हणून ती टिकत नाही.

खऱ्या जॅक्सनने सव्हॅनात कपडे धुण्याचा धंदा केला, तो चांगला चालला. १९३३ च्या सुमारास नवरा-बायको ग्रीनव्हिलला परतली, खाणावळ काढली, मग दारूचे दुकान. मूलबाळ नव्हते. गिरणीच्या वस्तीतल्या पोरांना तो फटका कसा मारायचा ते शिकवी. गावाने त्याला कधी टाकले नाही, १९५१ साली राज्याच्या विधिमंडळाने त्याच्यावरची बंदी उठवावी असा ठरावही केला. त्याच डिसेंबरात तो दूरदर्शनवर सत्कारासाठी जाणार होता. त्याच्या काही दिवस आधी, ५ डिसेंबरला, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. केटी १९५९ मध्ये गेली.

मे २०२५ मध्ये बेसबॉलच्या आयुक्तांनी ठरवले की तहहयात बंदी मृत्यूबरोबर संपते. त्या निर्णयाने जॅक्सन, वीव्हर आणि इतरांची नावे यादीतून निघाली. कूपरस्टाउनच्या कीर्तिमंदिरात त्याला जागा द्यायची की नाही, हे निवड समितीपुढे येण्याचा पहिला मुहूर्त डिसेंबर २०२७ चा. वीस हजार, पाच हजार, बारा फटके, दोन सह्या, एवढीच कागदपत्रे त्या टेबलावर असतील. समितीतल्या लोकांना ती सगळी वाचता येतील.